रिकाम्या अवकाशाचा समज

३० नोव्हेंबर १८९२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत अध्यक्षीय भाषण करताना लॉर्ड केल्विन यांनी एक जुना वाद निकालात काढला. सूर्यावर डाग वाढले की पृथ्वीवरच्या चुंबकसुया बेचैन होतात, असं चाळीस वर्षं सांगितलं जात होतं. केल्विन यांनी गणित मांडलं. जून १८८५ मध्ये एक चुंबकीय वादळ झालं होतं, फार तीव्र नव्हे आणि जेमतेम आठ तासांचं. सूर्य हा एक प्रचंड चुंबक आहे आणि तो इतक्या दुरून इथल्या सुया हलवतो असं धरलं, तर त्या आठ तासांत त्याला खर्चावी लागणारी शक्ती त्याच्या चार महिन्यांच्या उष्णता आणि प्रकाशाएवढी भरते. हे अशक्य. तेव्हा डाग आणि वादळं यांचा मेळ हा योगायोगच मानायला हवा.

गणित बरोबर होतं. चुकलं ते गृहीतक. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधली पंधरा कोटी किलोमीटरची जागा रिकामी आहे, असं केल्विन यांनी न बोलता धरून ठेवलं होतं, आणि त्यांच्या काळातल्या जवळजवळ प्रत्येकाने धरलं होतं. ते मोडून काढायला पुढची सत्तर वर्षं लागली. खगोलभौतिकीत चुंबकत्वाला आज जे स्थान आहे ते त्या सत्तर वर्षांत मिळालं. या कथेतले काही महत्त्वाचे प्रसंग कुलाब्याला, अलिबागला आणि वऱ्हाडात घडले, हे मराठी वाचकाला सहसा कुणी सांगत नाही.

सुरुवात जर्मनीतल्या ग्योटिंगेनची. तिथे १८३०च्या दशकात गाउस आणि वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची एकाच वेळी अनेक ठिकाणी मोजणी करण्याची व्यवस्था उभारली. ब्रिटिशांनी ती आपल्या वसाहतींभर नेली. टोरंटो, होबार्ट अशा जागी वेधशाळा झाल्या आणि मुंबईत कुलाब्याच्या टोकावर ईस्ट इंडिया कंपनीची १८२६ पासूनची वेधशाळा होतीच. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार प्रमुख होते. दोऱ्याला टांगलेला चुंबक, समोर दुर्बीण आणि मोजपट्टी. दुर्बिणीला डोळा लावायचा, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, दर तासाला. ठरलेल्या दिवशी जगभरच्या वेधशाळांनी ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे दर पाच मिनिटांनी आकडे घ्यायचे.

हे आकडे घेणाऱ्यांत वयाची विशीही न गाठलेले केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा कुलाब्याला सुमारे दहा वर्षं होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेची धुरा सांभाळली. आपल्याकडे या दोघांची चरित्रं सांगताना वेधशाळेची नोकरी एका ओळीत उरकतात. माझ्या मते ती ओळ लांबवायला हवी. आधुनिक प्रायोगिक विज्ञानाची शिस्त मराठी माणसाने प्रथम अंगी बाणवली ती या खोलीत.

नोंदी साचत गेल्या तसा त्यांतून अर्थ निघू लागला. देसाऊच्या श्वाबे यांनी सतरा वर्षं रोज सूर्य पाहून १८४३ मध्ये जाहीर केलं होतं की डागांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते. १८५२ मध्ये एडवर्ड सबीन यांनी टोरंटो आणि होबार्टच्या नोंदी पाहिल्या. चुंबकीय खळबळही त्याच चक्राने चढत-उतरत होती. कारण कुणालाच सांगता येईना.

मग १८५९ साल आलं. १ सप्टेंबरला सकाळी इंग्लंडमधल्या रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याचं बिंब पडद्यावर घेऊन डागांचा नकाशा काढत होते. सव्वाअकराच्या सुमाराला एका मोठ्या डागसमूहावर अतिशय तेजस्वी असे दोन ठिपके उजळले आणि पाच मिनिटांत विझले. हायगेटहून रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच पाहिलं. त्याच क्षणी क्यूच्या वेधशाळेतली सुई किंचित दचकली होती. पुढे साडेसतरा-अठरा तासांनी, २ सप्टेंबरला, जगभर चुंबकीय वादळ सुरू झालं. क्यूबा आणि हवाईसारख्या उष्ण भागांत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड या तारेवर दोन्ही टोकांच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारेत आपोआप वाहणाऱ्या प्रवाहावरच संदेशांची देवाणघेवाण केली.

मुंबईत तेव्हा दुपार व्हायची होती. कुलाब्याला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक तास-दीड तासात सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. मुंबईत हा घटक साधारण ३८,००० असतो, म्हणजे घट चार टक्क्यांच्या घरातली. ऐकायला लहान वाटेल. आजच्या काळातलं सगळ्यांत गाजलेलं वादळ मार्च १९८९ चं, ज्याने कॅनडातला क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात लोटला. त्या वादळात जगभरची सरासरी घट सहाशेच्या आत राहिली होती. खळबळ सुरू होताच कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासातासाचा क्रम सोडून भराभर आकडे घेतले, म्हणून तो खड्डा कागदावर उतरला.

कॅरिंग्टन सावध माणूस होते. आपण पाहिलेली ज्वाला आणि नंतरचं वादळ यांचा संबंध असू शकतो एवढं सुचवून ते थांबले. एका घटनेवरून नियम बांधायचा नाही, ही त्यांची भूमिका. पण त्यानंतर ४ फेब्रुवारी १८७२ ला पुन्हा भयंकर वादळ झालं आणि खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी वृत्तपत्रात आली. पुरावा वाढत होता. केल्विन यांचं गणित मात्र त्याच्या वाटेत आडवं आलं.

त्या गणिताला बगल देणारी पहिली वाट वॉल्टर आणि ॲनी मॉन्डर या दांपत्याने दाखवली. दोघंही ग्रिनिचला सूर्यडागांची छायाचित्रं काढत आणि मोजत. ॲनी गणितात तयार होत्या, पण लग्न होताच नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. काम त्यांनी सोडलं नाही. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला हे दोघे वऱ्हाडातल्या तळणीला आले. तिथे ॲनी यांनी स्वतः जुळवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभाकिरीटाचं, म्हणजे त्याच्याभोवतीच्या विरळ वायुमंडलाचं, चित्र घेतलं. त्यात एक निमुळता किरण सूर्यापासून जवळपास एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेला दिसतो. तोवर एवढा लांब किरण कुणी टिपला नव्हता. १९०४ मध्ये वॉल्टर मॉन्डर यांनी दाखवलं की चुंबकीय वादळं पुष्कळदा सत्तावीस दिवसांनी परततात, आणि पृथ्वीवरून पाहता सूर्य स्वतःभोवती एक फेरा सत्तावीस दिवसांतच पुरा करतो. म्हणजे सूर्याच्या ठरावीक जागेतून काहीतरी अरुंद झोतात बाहेर पडतं आणि तो झोत फिरत फिरत पृथ्वीवर येतो. सूर्य सर्व दिशांना शक्ती उधळत नसेल, तर केल्विन यांचा चार महिन्यांचा हिशेबच लागू होत नाही.

झोत कशाचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

मुंबईत त्याच सुमाराला एक वेगळीच अडचण उभी राहिली होती. शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत जातो, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र नाजूक सुया नासवून टाकतं. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी पर्याय शोधला: समुद्रापलीकडे अलिबाग. तिथे पोरबंदरच्या दगडाची, लोखंडाचा खिळाही नसलेली इमारत बांधली. मूस यांची खरी दृष्टी पुढच्या पायरीत दिसते. त्यांनी जागा एका रात्रीत बदलली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला बिनचूक जोडता येईल. १९०७ मध्ये ट्राम धावू लागली तोवर जोडकाम झालं होतं. १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी मूस यांनी दोन खंडांत छापल्या. जगात इतक्या दीर्घ आणि अखंड चुंबकीय मालिका थोड्याच आहेत.

सूर्यावर खरोखर चुंबकत्व आहे याचा पुरावा १९०८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर मिळाला. हॉलंडचे पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये दाखवलं होतं की दिवा चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर त्याच्या वर्णपटातल्या रेषा फाकतात. जॉर्ज एलरी हेल यांनी साठ फूट उंचीच्या सौरमनोऱ्यातून डागांचा वर्णपट घेतला आणि रेषा तशाच फाकलेल्या सापडल्या. फाकण्याच्या अंतरावरून क्षेत्र आलं सुमारे ३००० गौस. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गौसच्या आसपास. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्र मोजलं गेलं ते इथे प्रथम. पुढच्या दहा वर्षांत हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेही दाखवलं की डाग जोड्यांनी येतात, जोडीतल्या दोघांचे ध्रुव उलटे असतात, आणि अकरा वर्षांच्या प्रत्येक नव्या चक्रात ही मांडणी पालटते.

हेल यांची समजूत होती की डाग म्हणजे विद्युतभारित वायूचा भोवरा आणि त्याच्या फिरण्यातून क्षेत्र तयार होतं. हे तपासायला जॉन एव्हरशेड सरसावले. तेही १८९८ ला तळणीच्या तुकडीत होते आणि आता कोडाईकनालला काम करत होते. जानेवारी १९०९ मध्ये त्यांना दिसलं की डागाच्या कडेचा वायू गोल फिरत नाही, केंद्राकडून बाहेर सरळ वाहतो. भोवऱ्याची कल्पना पडली. मग क्षेत्र येतं कुठून? १९१९ मध्ये लार्मर यांनी सुचवलं की वाहणारा वायू स्वतःच डायनॅमोसारखं क्षेत्र पोसत असावा. १९३३ मध्ये काउलिंग यांनी सिद्ध केलं की अक्षाभोवती सारखा असलेला साधा डायनॅमो चालूच शकत नाही. वाट बंद नव्हती, पण गुंतागुंतीची निघाली. तिचा तपशील आजही पुरता उलगडलेला नाही.

दरम्यान दुसऱ्या दिशेने मोठं काम झालं होतं. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी ताऱ्यांच्या उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतात याचं समीकरण दिलं. विश्वातला बहुतेक दृश्य पदार्थ अशा सुट्या आयन-इलेक्ट्रॉनांचा आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत लँगम्युर यांनी त्याला प्लाझ्मा म्हटलं. प्लाझ्मातून वीज सहज वाहते, आणि सगळा फरक इथे पडतो.

हा फरक पुरता ओळखला तो स्वीडनच्या हान्नेस आल्फ्वेन यांनी. प्लाझ्मा इतका उत्तम वाहक असतो की त्यातून चुंबकीय रेषा सहजी निसटू शकत नाहीत. कापड ओढलं की विणीतला धागा बरोबर येतो, तशा त्या प्लाझ्माबरोबर ओढल्या जातात. आणि रेषांना ताण असतो. प्लाझ्माने त्या वाकवल्या तर त्या परत सरळ व्हायला बघतात, आणि त्यातून एक लाट रेषेच्या दिशेने धावते. ऑक्टोबर १९४२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या पानभराच्याही नसलेल्या टिपणात आल्फ्वेन यांनी ही लाट मांडली. बहुतेकांनी ती उडवून लावली. चांगल्या वाहकात विद्युतचुंबकीय लाट शिरूच शकत नाही हे मॅक्सवेलपासूनचं ज्ञान. अशी लाट असती तर मॅक्सवेल यांनाच सापडली नसती का, असा सूर होता. १९४८ मध्ये आल्फ्वेन शिकागोला गेले. तिथे एन्रिको फेर्मी यांनी काही मिनिटं ऐकून घेतलं आणि हो, अशी लाट असणारच, असं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सगळेच तसं म्हणू लागले, अशी आठवण आल्फ्वेन सांगत. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये लुंडक्विस्ट यांनी पाऱ्यात ती लाट निर्माण करून दाखवली.

त्या वर्षांत चुंबकत्व सूर्याबाहेरही सापडू लागलं. १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांनी दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचं ध्रुवण मोजलं आणि आकाशगंगेलाही क्षेत्र आहे हे उमगलं. १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि फेर्मी यांनी त्याची ताकद काढली: काही दशलक्षांश गौस. अत्यंत क्षीण, पण हजारो प्रकाशवर्षं पसरलेलं, आणि म्हणून वायूला रोखून धरण्याइतकं समर्थ.

आता केल्विन यांच्या रिकाम्या जागेकडे येऊ. १९४०च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून सिद्ध झालं होतं की सूर्याच्या प्रभाकिरीटाचं तापमान दहा लाख अंशांवर आहे. १९५१ मध्ये ग्योटिंगेनला लुडविग बिअरमन यांनी धूमकेतूंच्या आयनशेपट्या तपासल्या. त्या नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतात, आणि त्यांना मागे लोटायला प्रकाशाचा दाब पुरत नाही. सूर्यातून कणांचा प्रवाह सतत, सर्व दिशांना येत असला पाहिजे. सिडनी चॅपमन यांचं मत वेगळं होतं. त्यांच्या गणिताप्रमाणे प्रभाकिरीट इतका तापलेला आहे की तो पृथ्वीच्याही पुढे पसरतो, पण स्थिर राहतो.

शिकागोतले एकतीस वर्षांचे यूजिन पार्कर यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. चॅपमन यांचा स्थिर वायू खरा मानला, तर धूमकेतूला बिअरमन यांचा प्रवाह कसा मिळणार? शिवाय स्थिर प्रभाकिरीटाचा दाब फार दूरवर गेल्यावरही इतका उरतो की ताऱ्यांमधला विरळ वायू त्याला थोपवू शकत नाही. मग तो स्थिर राहूच शकत नाही. तो बाहेर वाहतो, वेग घेतो आणि ध्वनीचा वेग ओलांडून सेकंदाला शेकडो किलोमीटरने धावतो. सूर्याचं क्षेत्र त्याच्याबरोबर ओढलं जातं आणि सूर्य फिरत असल्याने सर्पिल आकार घेतं. १९५८ मध्ये पार्कर यांनी लेख ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. दोन्ही परीक्षकांनी तो नापसंत केला. संपादक होते चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती. पण परीक्षकांना गणितात चूक दाखवता आली नाही, तेव्हा त्यांनी लेख छापला. मला चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय त्यांच्या अनेक शोधांइतका मोलाचा वाटतो. १९५९ मध्ये सोव्हिएत ल्यूना यानांनी या कणांची चाहूल दिली, आणि १९६२ मध्ये शुक्राकडे गेलेल्या मरिनर-२ ने महिनोन् महिने तो वारा अखंड मोजला.

जागा रिकामी नव्हती. सूर्याला पंधरा कोटी किलोमीटरवरून सुई हलवायची नव्हती. त्याच्यावरून निसटलेला प्लाझ्माचा ढग आपलं चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन थेट पृथ्वीपर्यंत येत होता. उरलेला दुवा १९६१ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी जोडला. ढगातल्या रेषा दक्षिणेकडे वळलेल्या असतील, तर पृथ्वीच्या उत्तरेकडे जाणाऱ्या रेषांशी त्या भिडतात, तिथे दोन्ही तुटतात आणि एकमेकींना नव्याने जोडल्या जातात. पृथ्वीचं दार उघडतं. आत शिरलेल्या शक्तीने पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह जोरावतो आणि त्याचं क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट पडतं. मुंबईसारख्या, विषुववृत्ताजवळच्या पण त्याला चिकटून नसलेल्या ठिकाणी तो परिणाम सर्वांत स्वच्छ दिसतो. रेषा प्लाझ्माला चिकटून राहतात हा नियमही त्या तुटण्याच्या जागी मोडतो. १९७० मध्ये नोबेल घेताना खुद्द आल्फ्वेन यांनी आपल्याच कल्पनेचा सरसकट वापर होत असल्याबद्दल इशारा दिला होता.

या सगळ्या ज्ञानानंतर २००३ मध्ये कुलाब्याच्या वह्या पुन्हा उघडल्या गेल्या. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना ॲलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ यांच्याबरोबर १८५९ ची नोंद मांडली. कॅरिंग्टन वादळाची इतकी सविस्तर नोंद कमी अक्षांशावर दुसरीकडे कुठेही नव्हती. १६०० नॅनोटेस्लांच्या घसरणीचा आकडा पाहून जगभर चर्चा सुरू झाली, आणि ती थांबलेली नाही. ती घसरण इतक्या झपाट्याने झाली आणि इतक्या झपाट्याने भरून आली की काहींच्या मते ती निव्वळ पृथ्वीभोवतीच्या प्रवाहाची असणं कठीण. एरवी ध्रुवांजवळ राहणारे प्रवाह त्या दिवशी फार खाली सरकले असावेत, असं ते म्हणतात. तासाची सरासरी धरली तर घट साधारण ८५० ते १०५० नॅनोटेस्लांच्या दरम्यान येते. कुठला आकडा धरायचा यावर आजच्या वीजवाहिन्यांना आणि ट्रान्सफॉर्मरांना किती मोठ्या वादळाची तयारी ठेवायची हे ठरतं.

ढगातलं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं आहे की उत्तरेकडे, हे तो सूर्यावरून निघताना खात्रीने सांगता येत नाही. ते ढगात शिरूनच मोजावं लागतं. त्यासाठी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर चुंबकमापी असलेली यानं उभी आहेत, त्यांत भारताचं आदित्य-एल१ आहे. एरवी तिथून मिळणारी सूचना अर्ध्या-पाऊण तासाची. कॅरिंग्टनच्या ढगाचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २३०० किलोमीटर होता. त्या वेगाने आलेला ढग तिथून पृथ्वीवर अकरा मिनिटांत पोचेल.